भाव पडायच्या आधी बाजार बोलतो: घरांच्या मंदीची चाहूल कशी घ्यायची

जुलै २००५. अमेरिकेत नव्या घरांची विक्री शिखरावर होती. तोच वेग टिकला असता तर वर्षाला जवळपास १४ लाख नवी घरं विकली गेली असती. त्यानंतर विक्री उतरायला लागली, भाव मात्र उतरले नाहीत. ते पुढे जवळजवळ वर्षभर चढतच राहिले आणि २००६ च्या मध्यावर कुठे थांबले. तिथून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत घरांचे भाव मोजणारा देशपातळीवरचा केस-शिलर निर्देशांक सुमारे २७ टक्क्यांनी खाली आला. मधल्या त्या वर्षभरात ज्यांनी घरं घेतली, त्यांना भावाच्या बाबतीत कुणी खोटं सांगितलं नव्हतं. भाव खरंच वाढत होते. ती माणसं चुकीच्या आकड्याकडे बघत होती, एवढंच.

पहिलं घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि घर आहे पण नोकरीची धाकधूक वाटते आहे अशांसाठी, हा लेख आहे. अर्थशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. एक वही आणि महिन्यातून तासभर वेळ, एवढं पुरेल.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करा: घराचा भाव सगळ्यात शेवटी हलतो

शेअरचा भाव दर सेकंदाला बदलतो, घराचा नाही. कारण घर विकणारा माणूस हट्टी असतो. शेजारचं घर गेल्या वर्षी जेवढ्याला गेलं, त्याच्या खाली यायला तो तयार नसतो. गिऱ्हाईक आलं नाही तर तो थांबतो, दोन महिन्यांनी पुन्हा जाहिरात देतो, पण आकडा तोच ठेवतो. या काळात व्यवहारच होत नाही, आणि व्यवहार झाला नाही तर भावाची नोंदही होत नाही. ज्यांना कमी मिळालं असतं ती घरं आकडेवारीत येतच नाहीत.

बिल्डरचं कारण वेगळं असतं. त्याने छापील दर उघडपणे कमी केला, तर आधी बुकिंग केलेले लोक दारात येऊन उभे राहतात. शिवाय बँकेने त्याला कर्ज त्याच दराच्या हिशेबाने दिलेलं असतं. म्हणून तो दर तसाच ठेवून बाकी सगळं सोडतो. पार्किंग फुकट, नोंदणीचा खर्च आमचा, स्वयंपाकघराचं फर्निचर आमच्याकडून, ताबा मिळेपर्यंतचे हप्ते आम्ही भरू. या सगळ्याची बेरीज करून छापील दरातून वजा केलीत, की भाव किती पडलाय ते कळतं. वर्तमानपत्रात मात्र ‘दर स्थिर’ असंच येतं.

म्हणून क्रम साधारण असा लागतो: आधी व्यवहार कमी होतात, मग घरं पडून राहतात, मग सवलती येतात, नवीन बांधकाम थंडावतं, त्या धंद्यातल्या नोकऱ्या जायला लागतात, भाव उघडपणे पडतो आणि शेवटी कर्जं थकतात. प्रत्येक वेळी पाठ केल्यासारखा हाच क्रम येत नाही. पण भाव पहिल्या नंबरावर असल्याचं मला तरी कुठल्याही मोठ्या घसरणीत दिसलं नाही.

पहिली पायरी: भाव सोडा, व्यवहार मोजा

घरखरेदीच्या नोंदण्यांचे आकडे बहुतेक देशांत दर महिन्याला किंवा तिमाहीला जाहीर होतात. नोंदणी खातं, सांख्यिकी खातं किंवा मध्यवर्ती बँक, यांपैकी कुणाकडे तरी ते मिळतात. ते घेताना एक पथ्य पाळा. या महिन्याची तुलना गेल्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा. घरखरेदीला हंगाम असतो. सुट्ट्या, हवामान आणि करवर्षाचा शेवट यांमुळे आकडे वरखाली होतात. तीन महिन्यांची सरासरी काढलीत तर आणखी बरं.

दुसरा आकडा म्हणजे किती महिन्यांचा साठा पडून आहे. हिशेब सोपा आहे. एखाद्या भागात १,२०० घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला २०० विकली जातात, म्हणजे साठा ६ महिन्यांचा. अमेरिकेत ढोबळमानाने एवढा साठा असेल तर बाजार समतोल मानतात. आता विक्री २०० वरून १२० वर आली आणि विक्रीला असलेली घरं १,३२० झाली, तर साठा ११ महिन्यांचा होतो. एकाही घराचा भाव बदललेला नाही, तरी विकणाऱ्यासाठी रांग जवळपास दुप्पट लांब झाली. अशा रांगेत ज्याला पैशांची निकड असते तो आधी वाकतो, आणि मग त्याचा भाव बाकीच्यांना चिकटतो. २००८ मध्ये अमेरिकेत जुन्या घरांचा साठा १० महिन्यांच्या वर गेला होता.

ही दोन्ही मापं एकत्रच वाचायची. नवखे लोक इथेच फसतात. २०२३ मध्ये अमेरिकेत जुन्या घरांची विक्री ४१ लाखांच्या आसपास आली, १९९५ नंतरची सगळ्यात कमी. अनेकांनी लगेच भाव कोसळणार म्हणून हाकाटी केली, पण भाव कोसळले नाहीत. कारण लाखो घरमालकांनी २०२०-२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने ३० वर्षांसाठी कर्ज बांधून घेतलं होतं. घर विकून नवीन घ्यायचं तर ७ टक्क्यांनी कर्ज घ्यावं लागणार, म्हणून कुणी विकायलाच काढेना. गिऱ्हाइकं आटली, पण माल त्याहून जास्त आटला. विक्री घटली आणि साठा वाढला, तर काळजी करा. विक्री घटली आणि साठाही घटला, तर ते नुसतं गोठलेलं पाणी आहे.

सरकारी आकडे उशिरा येतात, त्यामुळे स्वतःचीही एक नोंद ठेवा. तुम्हाला ज्या भागात घर हवंय तिथल्या विक्रीच्या २० जाहिराती निवडा. वहीत क्षेत्रफळ, मजला, मागितलेला भाव आणि तारीख लिहा. पुढच्या महिन्यात तीच घरं शोधा. किती गेली? किती तशीच आहेत? कितींचा भाव खाली आला? आणि बारकाईने बघायची एक गोष्ट: काही घरं यादीतून नाहीशी होऊन ‘नवीन’ असा शिक्का लावून परत येतात. फोटो दुसऱ्या कोपऱ्यातून काढलेला असतो, पण खिडकीची जाळी तीच, भिंतीवरचा ओलीचा डाग तोच. ते घर नवीन नाही, पाच महिने पडून असलेलं आहे. संकेतस्थळावर मात्र ‘३ दिवसांपूर्वी’ असं लिहिलेलं असतं. अशी घरं वाढायला लागली की त्या भागात पाणी मुरतंय हे ओळखा.

दुसरी पायरी: भावाला खालून आधार आहे का?

घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागा. किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ४, तर उत्तर २५. मग त्याच भागात दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे उत्तर किती होतं ते शोधा. दुसऱ्या देशाशी किंवा दुसऱ्या शहराशी तुलना करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण कर, जमीन, भाडेकायदे सगळं वेगळं असतं. त्या भागाचा स्वतःचा इतिहास बघा. पूर्वी १८ होतं, आता ३० असेल, तर मधल्या काळात भाव भाड्याला सोडून पळाला आहे. मी भाड्याला इतकं महत्त्व देतो, कारण भाडं लोक पगारातून देतात, कर्ज काढून नाही. त्यामुळे भाड्यात हवा भरता येत नाही. किमतीत भरता येते.

हेच गणित उत्पन्नाशी करा. तिथे राहणाऱ्या साधारण कुटुंबाच्या किती वर्षांच्या कमाईएवढी घराची किंमत आहे? आणि महागाई वजा करायला विसरू नका. पाच वर्षं भाव जिथल्या तिथे राहिला आणि महागाई दरसाल ५ टक्के होती, तर खऱ्या हिशेबात घर पाचव्या हिश्श्याहून जास्त स्वस्त झालं. पुष्कळ मंद्या अशाच चोरपावलांनी येऊन जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

या पायरीची मर्यादाही सांगतो. भाव फुगलाय हे कळलं, तरी तो कधी फुटेल हे यातून कळत नाही. फुगलेला भाव वर्षानुवर्षं फुगलेला राहू शकतो. टाचणी बहुतेक वेळा कर्जाच्या बाजूने येते.

तिसरी पायरी: पैसा कुठून येतोय आणि किती सहज येतोय

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. घर हा उधारीवर चालणारा बाजार आहे. बहुतेक लोक घर पगारातून घेत नाहीत, पगाराच्या आधारावर मिळणाऱ्या कर्जातून घेतात. म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात किती पैसा आहे, हे बँक ठरवते.

व्याजदर वाढल्यावर काय होतं ते आकड्यात बघा. २० वर्षांच्या मुदतीचं १,००,००० चं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७७५ येतो. ९ टक्क्यांनी तोच ९०० होतो. पण पगार तर तोच आहे. हप्ता ७७५ च परवडणार असेल, तर आता कर्ज ८६,००० च्या आसपासच मिळेल. म्हणजे व्याज २ टक्क्यांनी वाढलं आणि गिऱ्हाइकाची ऐपत १४ टक्क्यांनी घटली. भावाने हे मान्य करायला वर्ष-दोन वर्षं लावली, तरी गणित पहिल्या दिवसापासून लागू झालेलं असतं.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने जून २००४ ते जून २००६ या दोन वर्षांत १७ वेळा दर वाढवले, १ टक्क्यावरून ५.२५ वर नेले. जपानमध्ये मे १९८९ पासून ऑगस्ट १९९० पर्यंत दर २.५ वरून ६ टक्क्यांवर गेला. तिथल्या शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या आठवड्यात शिखर गाठून खाली घसरला. जमिनीचे भाव मात्र १९९१ पर्यंत तग धरून होते आणि मग दशकाहून अधिक काळ उतरत राहिले. निक्केईला जुनं शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८९ मध्ये दर १५ टक्क्यांवर पोचला होता, आणि एकट्या १९९१ मध्ये ७५ हजारांच्या आसपास घरं कर्जदारांकडून काढून घेतली गेली.

दर वाढणं हे झालं उघड चिन्ह. त्याच्या आधीचं, जास्त बोलकं चिन्ह म्हणजे कर्ज देण्यातली सैल होत गेलेली शिस्त. तेजीच्या शेवटच्या टप्प्यात भाव इतके वर गेलेले असतात की नियमांत बसणारी गिऱ्हाइकं संपतात. मग गिऱ्हाइकासाठी नियम वाकवले जातात. स्वतःचे पैसे कमी घाला, मुदत वाढवा, पहिली काही वर्षं नुसतं व्याज भरा, मुद्दल नंतर. उत्पन्नाचा पुरावा नसला तरी चालेल. अमेरिकेत तेव्हा एक प्रकार फार चालला होता: पहिली दोन वर्षं कमी, ठरलेलं व्याज आणि पुढची २८ वर्षं बाजाराप्रमाणे बदलणारं. दोन वर्षांनी व्याज चढेल तेव्हा घराचा भाव वाढलेला असेल, मग नवं कर्ज काढून जुनं फेडू, असा सगळ्यांचा हिशेब होता. भाव नुसता वाढायचा थांबला आणि हा हिशेब मोडला. भाव पडायचीसुद्धा गरज लागली नाही. हे नीट लक्षात घ्या. कर्ज फेडण्यासाठी भाव वाढतच राहावा लागतो, अशी कर्जं जिथे जास्त, तिथे नुसती स्थिरता आली तरी गाडं अडतं.

त्यानंतरचं चिन्ह म्हणजे कर्ज घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हप्ते चुकणं. माणूस पाच वर्षांनी अडचणीत येतो तेव्हा त्याची नोकरी गेलेली असते, आजारपण आलेलं असतं. पाचव्या महिन्यातच हप्ता चुकला, तर ते कर्ज द्यायलाच नको होतं. अशा कर्जांत बुडालेली न्यू सेंच्युरी ही अमेरिकी कंपनी एप्रिल २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली. लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली. मधे जवळजवळ दीड वर्ष गेलं. ज्यांनी पहिली बातमी वाचून ‘ही तर छोटी कंपनी’ म्हणून पान उलटलं, त्यांना हे दीड वर्ष वापरता आलं नाही.

आणि शेवटी नळ बंद होतो. बँका अचानक कागद जास्त मागायला लागतात, घराचं मूल्यांकन कमी करतात, मंजूर झालेलं कर्जही लांबवतात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक आणि युरोपीय मध्यवर्ती बँक दर तिमाहीला बँकांनाच विचारतात: कर्जाच्या अटी कडक केल्यात की सैल? ही पाहणी जरूर वाचा. तुमच्या देशात अशी पाहणी होत नसेल, तर कर्जाच्या एजंटला एवढंच विचारा: सहा महिन्यांपूर्वी दहांपैकी किती फायली मंजूर होत होत्या आणि आता किती होतात?

चौथी पायरी: बांधकामाच्या जागेवर स्वतः जा

कागदावरचा आकडा आहे नव्या बांधकामांचा. अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये वर्षाला २२ लाखांहून अधिक घरांची कामं सुरू व्हावीत असा वेग होता. २००९ च्या वसंतात तो ५ लाखांच्या खाली आला. बांधकाम परवाने त्याच्याही आधी घटतात, म्हणून परवान्यांचे आकडे मिळाले तर तेच पाहा.

पण पायांनी केलेली पाहणी वेगळंच काही सांगते. कामाच्या दिवशी सकाळी जा. किती माणसं कामावर आहेत ते मोजा. क्रेन हलतेय का? सळया पडून गंजल्यात की रोज नवा माल येतोय? दोन आठवड्यांनी त्याच वेळी पुन्हा जा आणि स्लॅब किती वर गेला ते बघा. मग टाइल्स, पाइप, वायर पुरवणाऱ्यांशी बोला. बिल्डरची बिलं कधी निघतात, हा प्रश्न त्यांना विचारला की ते मोकळेपणाने बोलतात, कारण दुखणं त्यांचंच असतं. ३० दिवसांत मिळणारा पैसा ९० दिवसांवर गेला असेल, किंवा पुरवठादार आता रोख पैसे ठेवल्याशिवाय माल उतरवत नसेल, तर ती बातमी वर्तमानपत्रात यायला अजून कित्येक महिने आहेत.

संध्याकाळी आणखी एक काम करा. वर्षभरापूर्वी ताबा दिलेल्या इमारतीसमोर रात्री नऊच्या सुमाराला उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. ‘सगळे फ्लॅट विकले गेले’ अशी पाटी आणि चाळीसपैकी अकरा घरांत उजेड, असं असेल तर ती घरं राहायला घेतलेली नाहीत, पुन्हा विकायला घेतलेली आहेत. मंदी आली की हेच मालक सगळ्यात आधी विकायला धावतात, कारण त्यांचा संसार त्या घरात नसतो.

आयर्लंडमध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर झालं. २००७ मध्ये तिथल्या कामकरी लोकांपैकी सुमारे १३ टक्के लोक बांधकामात होते. २०१० मध्ये सरकारने मोजदाद केली तेव्हा अर्धवट राहिलेल्या २,८०० हून अधिक वसाहती सापडल्या. घरांचे भाव २०१३ पर्यंत निम्म्याहून जास्त पडले, आणि देशाला नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. चीनमध्ये दुखणं आगाऊ विक्रीचं होतं. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर मर्यादा घातल्या, डिसेंबर २०२१ पर्यंत एव्हरग्रांड या बड्या बिल्डर कंपनीने देणी थकवली आणि जुलै २०२२ मध्ये अर्धवट इमारतींतल्या खरेदीदारांनी हप्ते भरायला नकार द्यायला सुरुवात केली. घर नाही आणि हप्ता चालू, अशी त्यांची गत झाली होती. बांधकाम चालू असलेल्या घराचं बुकिंग करताना तुम्ही नुसते खरेदीदार नसता, बिल्डरचे सावकारही असता. बिल्डरच्या डोक्यावर कर्ज किती आहे हे विचारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

पाचवी पायरी: घरांची मंदी सगळ्या अर्थव्यवस्थेत उतरतेय का?

एक घर विकलं गेलं की सिमेंट, लोखंड, रंग, फर्निचर, वकील, बँक, सामान हलवणारे, सगळ्यांना काम मिळतं. घरं थांबली की हे सगळे थांबतात. एडवर्ड लीमर या अर्थतज्ज्ञाने २००७ मध्ये दाखवून दिलं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तोवर आलेल्या १० मंद्यांपैकी ८ मंद्यांच्या आधी घरबांधणी आजारी पडली होती. अपवाद दोन: कोरियाचं युद्ध संपतानाची १९५३ ची मंदी आणि इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यानंतरची २००१ ची.

नोकऱ्यांच्या बाबतीत बेरोजगारीच्या आकड्याची वाट बघू नका, तो उशिरा हलतो. मालक आधी जादा कामाचे तास काढतो, मग कंत्राटी माणसं कमी करतो, मग रिकाम्या जागा भरायच्या थांबवतो आणि सगळ्यात शेवटी पगारावरच्या माणसाला घरी पाठवतो. तुमच्याच कचेरीत सोडून गेलेल्या माणसाची जागा सहा महिने रिकामी आहे का, हे तुम्हाला कुठल्याही अर्थतज्ज्ञाच्या आधी कळतं. आकडाच हवा असेल तर अर्थतज्ज्ञ क्लॉडिया साम यांचा नियम सोपा आहे: बेरोजगारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी गेल्या वर्षभरातल्या तळापेक्षा अर्ध्या टक्क्याने वर गेली, तर मंदी सुरू झालेली असण्याचा संभव मोठा. एकदा हा दर चढायला लागला की कुठवर जाईल याला मर्यादा नसते. स्पेनमध्ये २००७ साली तो ८ टक्क्यांच्या आसपास होता, २०१३ मध्ये २६.

रोख्यांच्या बाजारातलं चिन्हही माहीत असू द्या. एरवी दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांवर जास्त व्याज मिळतं, अल्प मुदतीच्या रोख्यांवर कमी. हे उलटं झालं, तर पुढे दर खाली येतील, म्हणजे पुढचा काळ कठीण आहे, असा बाजाराचा अंदाज असतो. २००६ मध्ये अमेरिकेत हे घडलं होतं.

पण अधिकृत घोषणेवर विसंबू नका. अमेरिकेतली मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, हे मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या समितीने जाहीर केलं डिसेंबर २००८ मध्ये. पूर्ण एक वर्ष लोक ‘मंदी येणार का’ यावर वाद घालत होते आणि ती आलेली होती.

खोटे इशारे

यातलं एकही चिन्ह अचूक नाही. २०२२ च्या जुलैपासून अमेरिकेत रोख्यांचं व्याज दोन वर्षांहून जास्त काळ उलटं राहिलं, २०२४ मध्ये साम नियमाचीही घंटा वाजली, तरी अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी वाढलीच. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला आहे. व्यवहार आणि साठा, कर्ज, बांधकाम, नोकऱ्या या चारांपैकी किमान तिघांकडून, सलग दोन तिमाहींत, एकाच दिशेचा इशारा आला तरच हालचाल करायची. हा शास्त्रीय नियम नाही, घाबरून उड्या मारू नयेत म्हणून घातलेला बांध आहे.

सांगणारा कोण आहे तेही बघा. ज्याचं कमिशन व्यवहारावर अवलंबून आहे, तो ‘हीच वेळ आहे’ म्हणणार. आणि जो दरवर्षी प्रलय येणार म्हणतो, तो एखाद्या वर्षी बरोबर ठरणारच. दोघांचंही ऐका आणि आपली वही उघडा.

सहावी पायरी: मग करायचं काय?

आधी एक छोटं गणित. १०० चं घर, तुमचे २०, बँकेचे ८०. भाव २० टक्के पडला की तुमचे २० संपले, बँकेचे ८० तसेच. त्याहून खाली गेला की घर विकूनही कर्ज फिटत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २००३ मध्ये विकसित देशांतल्या जुन्या घसरणींचा अभ्यास केला, तेव्हा महागाई वजा जाता सरासरी ३० टक्क्यांची घट आणि सरासरी चार वर्षांचा काळ असं चित्र निघालं. म्हणजे हे गणित नुसतं भीती घालायला मांडलेलं नाही.

तरीही भाव पडल्याने कुणी रस्त्यावर येत नाही. हप्ता चालू आहे आणि डोक्यावर छप्पर आहे, तोवर कागदावरचा तोटा कागदावरच राहतो. संसार मोडतो तो नोकरी आणि भाव एकदम गेले तर. हप्ता भरता येत नाही आणि विकूनही सुटता येत नाही. मंदीत या दोन गोष्टी एकदम येतात, कारण मूळ एकच असतं. म्हणून भावाचा तळ शोधण्यात डोकं घालण्यापेक्षा हातातली रोकड वाढवा. भाव तुमच्या हातात नाही, रोकड आहे.

राहायला घर घेत असाल तर आजच्या व्याजात २ टक्के मिळवून हप्ता काढा आणि तो घरातल्या एकाच पगारातून निघतो का ते बघा. निघत नसेल तर छोटं घर बघा किंवा थांबा. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवूनच बयाणा द्या. सगळी पुंजी बयाण्यात घालू नका. सात-आठ वर्षं त्या गावात राहणार नसाल तर भाड्याने राहण्यात काही कमीपणा नाही. चिन्हं बिघडलेली असताना बांधकाम चालू असलेल्या घरापेक्षा तयार घर थोडं महाग पडलं तरी परवडतं.

विकायचं ठरलंच असेल तर पहिल्या गिऱ्हाइकाला थोडं कमी सांगून मोकळे व्हा. पडत्या बाजारात भावामागे एकेक पायरी उतरणारा विक्रेता प्रत्येक वेळी बाजाराच्या एक पायरी वरच उभा असतो आणि शेवटी सगळ्यात खाली विकतो.

बांधकाम, गृहकर्ज, घरसजावट अशा धंद्यात नोकरी असेल तर तुमच्यासाठी सगळे नियम दुप्पट कडक. तुमचा पगार त्याच बाजारावर, घर त्याच बाजारात, आणि वर गुंतवणुकीसाठी दुसरं घरही घेतलं असेल, तर एकाच फांदीला तीन झोके बांधलेत. दुसऱ्या घराचा विचार आधी करा.

आणि हप्ता चुकेल असं वाटायला लागलं, तर चुकायच्या आधी बँकेत जा, नंतर नाही. मुदत वाढवून देणं, काही महिने नुसतं व्याज घेणं, असे मार्ग हप्ता चुकण्याआधी जास्त सहज मिळतात. एक-दोन हप्ते बुडाल्यावर तीच फाइल वसुलीच्या टेबलावर गेलेली असते आणि तिथला माणूस वेगळ्या भाषेत बोलतो. लाजेपायी या दोन महिन्यांत घरातल्यांपासून लपवत बसणारे लोक मी पाहिले आहेत. ते दोन महिने फार महागात पडतात.

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: व्यवहार व साठा, कर्ज, बांधकाम, नोकऱ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाखाली एक आकडा आणि एक ओळ लिहा. तुमच्या २० घरांची यादी मागच्या पानावर. पहिले तीन महिने ही वही काहीच सांगणार नाही, कारण तुलनेला मागचं काही नसेल. चौथ्या महिन्यात त्या २० पैकी किती घरं अजून तिथेच आहेत ते मोजा आणि त्यांतल्या सगळ्यात जुन्या तीन घरांच्या मालकांना फोन करून विचारा की किती कमी करता.